दुसरी फेरी

ओउलूत फेब्रुवारीचा दिवस चारलाच आवरतं घेतो.
टेबलावर दिवा, फोन, गार झालेली कॉफी
आणि समोर ताउनो पिक्कारायनेन.
वय त्रेपन्न. लोकरी टोपी गुडघ्यावर.
एकोणतीस वर्षं कागदगिरणीत, तीन नंबरच्या मशीनवर.
गिरणी बंद होऊन पाच महिने झाले.
आयुष्यभर मैलोनमैल कागद काढला या माणसाने
आणि त्याच्याबद्दलचा कागद
अर्ध्या पानाचा.

'काय काय करायचात तिथे?'
'काम.'
मी थांबते. इथे थांबावंच लागतं.
आमच्याकडे माणसं बोलायच्या आधी
वाक्य आतल्या आत वाळवून घेतात.

तासाभराने कळतं,
बेअरिंग जाणार असेल तर
याला दोन दिवस आधी ऐकू येतं.
'हे लिहू?'
'कशाला? सगळ्यांनाच येतं.'
'सगळ्यांना नाही येत, ताउनो.'
तो खिडकीकडे बघतो,
जणू मी बाहेरच्या कुणाचं तरी कौतुक करतेय.

मग माझा धंदा सुरू होतो.
पहिल्या फेरीला एक बाई असतील,
त्यांना बेअरिंगमधलं कळणार नाही, तुम्ही हसा.
दुसरीला तरुण इंजिनियर. त्याला कळेल.
तिथे हसायची गरज नाही.
पगाराचा आकडा तुमच्या तोंडून आधी निघू देऊ नका.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं विचारतील.
'अठ्ठावन्नाव्या वर्षात' हे उत्तर खरं आहे,
पण देऊ नका.
तो पहिल्यांदा हसतो. बाजूचा एक दात नाही.

जे सांगत नाही ते असं:
बॅटरीच्या त्या कारखान्याने
आतलाच एकजण हेरून ठेवलाय, बहुतेक.
'बहुतेक'वरच माझं पोट चालतं.
माणूस चिकटला तरच मला कमिशन,
तेव्हा माझ्या आपुलकीला पैशाचा वास येत असेल
तर नाक चुकत नाहीये तुमचं.
आपुलकी आहे, तरीही.

पहिली फेरी निघाली.
दुसरीच्या दिवशी सकाळी सातला फोन:
'जावयाचा ब्लेझर घातलाय. बाह्या आखूड होतायत.'
'हात टेबलाखाली ठेवा.'
बराच वेळ काही नाही. मग,
'मग त्यांना हात दिसणार नाहीत.'
अकरा वर्षं मी हे काम करतेय.
यावर काय सांगायचं, मला सुचलं नाही.

शुक्रवारी मेल आला, दोन ओळींचा,
नेहमीचाच, फक्त नाव बदललेला.
असे मेल पुढे ढकलून मोकळं होता येतं.
बहुतेकदा मी तेच करते.
या वेळी फोन लावला.

पलीकडे फावड्याने बर्फ ओढल्याचा आवाज.
थांबला.
मी सांगितलं.
त्याने श्वास आत घेत 'हं' म्हटलं, आमच्याकडे म्हणतात तसं,
ज्यात होकार असतो आणि दारही लोटलेलं असतं.
मग म्हणाला, 'त्यांच्या त्या खोलीतला पंखा,
उजव्या कोपऱ्यातला, छताजवळचा.
फार दिवस टिकायचा नाही. कळवा त्यांना.'
'मुलाखतीत बोललात का हे?'
'त्यांनी विचारलं नाही.'

मी कळवलं. उत्तर आलं नाही.
पंख्याचं काय झालं, ठाऊक नाही.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं,
'ब्लेझर परत देऊन टाकू का?'

माझ्यासमोर याद्या होत्या:
राहे, टोर्निओ, बंदरावरची एक जागा, अजून जाहीर न झालेली.
एकाही जागेसमोर हात ठेवून सांगावं असं काही नव्हतं.

राहू दे, म्हटलं.
जावयाला विचारून
बाह्या तेवढ्या खाली सोडून घ्या.