रॉकअवेला सत्कार

बोर्डवॉक म्हणतात अजून, पण बोर्ड उरलेले नाहीत.
फळ्या एका वादळाने नेल्या,
तिथे सिमेंट ओतलं, नाव तेवढं लाकडाचं राहिलं.
हे तात्यांना सांगितलं तर त्यांनी
टाचेने दोनदा ठोकून पाहिलं,
म्हणाले, "काम बरं आहे. पाणी नीट मारलेलं दिसतं."
पाटबंधारे खात्यातली एकतीस वर्षं
अशी मधूनच वर येतात.
आज वार कोणता, ते नाही येत.

जुलैचा रविवार. शटलमधून उतरलेली अख्खी गर्दी
वाळूवर सांडली:
बर्फाच्या पेट्या ओढणारे, छत्र्या खांद्यावर टाकलेले,
तळल्या माशांचा वास, सनस्क्रीनचा वास,
आणि केनेडीवरून उठलेलं विमान
इतकं खालून, की तात्या दर वेळी मान आत घेत.

मी रांगेत होते. फक्त सरबत आणि चिप्स.
वळले, तर चादरीवर त्यांच्या चपला,
एकीत घड्याळ, एकीत चष्मा,
आंघोळीला गेल्यासारखं सगळं जागच्या जागी.

जिथे सगळेच उघडे, तिथे माणूस कसा शोधायचा?
"पांढरा सदरा," मी सांगत सुटले, "पांढरे केस, पांढरा सदरा.
इंग्रजी येतं त्यांना. आता आठवत नाही."
उंच खुर्चीवरून नारिंगी कपड्यातली पोरगी उतरली,
शिट्टी वाजली, मग पुढच्या खुर्चीवरून शिट्टी,
शिट्टी पूर्वेकडे पळत गेली.
मी पाण्याकडे बघत नव्हते.

आधी आवाज आला. टाळ्यांचा.

नंतर कळलं, ती बाई आर्जेन्टिनाची, ग्रासिएला.
तिच्या गावच्या किनाऱ्यावर मूल हरवलं की
त्याला खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवत फिरतात,
आवाजाच्या मागावर आई येते.
तात्यांना खांद्यावर कोण घेणार?
तिने त्यांचा एक हात धरला,
दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर थापा मारत निघाली,
आणि एकेक छत्री उठून उभी राहिली,
डोमिनो मांडलेले म्हातारे,
कागदी पिशवीत बिअर लपवणारी पोरं,
गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला एक मुलगा,
हात मोकळे नाहीत म्हणून नुसताच ओरडणारा.

मधून तात्या. गुडघ्यापर्यंत ओले,
कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल खांद्यांवर,
मोकळ्या हाताने छातीशी धरलेला, शाल धरतात तसा.
डावीकडे मान लववत, उजवीकडे मान लववत.

तेव्हा कुठे मला आठवलं.
शेवटच्या दिवशी, बार्शीच्या ऑफिसात, साहेब दौऱ्यावर होते.
कार्यक्रम पुढच्या आठवड्यात घेऊ, असा निरोप होता.
आईने सदरा इस्त्री करून खुंटीला लावला होता.
त्या पुढच्या आठवड्याबद्दल
घरात नंतर कुणी बोललं नाही.

माझ्यापाशी येऊन थांबले. ओळखलं की नाही, माहीत नाही.
समुद्राकडे पाठ केली, घसा खाकरला:
"आपण सगळे आवर्जून आलात. हातातली कामं बाजूला ठेवून..."
आणि अडकले.
ग्रासिएलाला वाटलं संपलं. तिने टाळी दिली,
मग सगळ्यांनीच.

रागवायचं होतं मला.
खाली बसून बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढत होते,
तर वरून हळूच: "नारळ विसरले बघ ते."
काठीवर फुलासारखा कापलेला आंबा
विकत होती एक बाई, तिखट-मीठ लावून.
तो दिला हातात. उलटसुलट पाहिला.
"चालेल," म्हणाले.

टॉवेल कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.
ब्रॉड चॅनलला गाडी बदलताना
मी झटकायला हात लावला, केवढी वाळू होती त्यात,
तर मूठ आवळली त्यांनी.
झटकू दिला नाही.