पार्श्वभूमी

आधी मी मुलीला चित्रातून वगळते.
कडेकडेनं रेघ फिरवायची, आतलं सगळं पांढरं करायचं.
मग उरते खोली, आणि खोलीत
सात-आठ वर्षांच्या उंचीची एक कोरी जागा.
माझं काम तिच्या भोवतीचं.

सॉकेट गोल, खोलगट. म्हणजे अर्धा युरोप.
रेडिएटरवर वाळत घातलेला एकच लोकरी मोजा.
भिंतीवर ऊन.
फाइलच्या घड्याळात रात्रीचे पावणेअकरा.

हेगच्या कचेरीतून शेरा आला: वेळ चुकीची, दुर्लक्ष करावे.
मी ओउलूची. जूनमध्ये आई
खिडक्यांना काळी कांबळी ठोकायची,
तेव्हा कुठं आम्हाला रात्र मिळायची.
घड्याळ बरोबर आहे, मी लिहिलं.
उत्तरेला शोधा.

दुसऱ्या फाइलीत चित्र काळंच. आवाज अकरा सेकंद.
पंख्याची घरघर गाळली, श्वास गाळला
(तो मी फार वेळ ऐकत नाही),
आणि तळाशी, बंद खिडकीपलीकडे,
आइस्क्रीमच्या गाडीची धून.
देशभर हीच वाजते.
पण हिचा चौथा सूर दर वेळी गिळला जात होता.

सिर्क्कू, घरी जा, यार्मो म्हणाला.
डोळ्यांत तेल घालून बसलं की
पाण्याला जागा उरत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

कंपनीच्या तक्रारवहीत सापडलं:
गाडी एकतीस, स्पीकर खराब, चालक एन्सिओ रौतामा.
तीनदा कळवलेलं. कुणी दुरुस्त केलं नाही.
एक आड एक गुरुवार, चाळीस थांबे,
चार वाजून बारा मिनिटांना एक गल्ली,
गल्लीत पाच घरं.

कोर्टात एन्सिओ टोपी हातात धरून उभा होता.
तिथं मी नेहमी तीन मिनिटं थांबायचो, म्हणाला,
त्या घरातून कुणी यायचं नाही.
न्यायाधीशांनी पुढचा प्रश्न विचारला.
त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

प्रत्येक फाइलीला चौसष्ट अक्षरांचा ठसा असतो.
एक ठिपका हलला तरी तो बदलतो
आणि समोरचा वकील टपलेलाच असतो.
मी आज सकाळी पुन्हा ताडून पाहिला.
जुळला, अक्षरन् अक्षर.
आत काही म्हणता काही बदललेलं नाही.

मुलगी तीन सेंटिमीटर वाढली आहे,
असं कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगत होतं.