कळ

जुन्या यंत्राची डावी कळ सैल झालीय.
हात न लावता माझा घोडेस्वार
डावीकडे सरकतो, थेट तळ्यात.
अंगठा उजवीकडे रेटून धरला
तर कुठे सरळ चालतो.
बॅटरी तासभर. हाकोदातेच्या थंडीत तेवढीही नाही,
यूनोकावाला ट्राम उभी करून
डबा उघडेपर्यंत पडदा काळा.

नवीन घ्यायचं तर पडदा मोठा,
पण गणवेशाच्या खिशात मावत नाही.
जुन्या कॅसेट चालतील म्हणे, पहिल्या तीन सोडून.
नेमक्या त्या तिघींत माझा एक अख्खा हिवाळा आहे,
डेपोतल्या रात्रपाळीचा,
बोलायला कोणी नव्हतं तेव्हाचा.
किंमत पगाराचा पाचवा हिस्सा.
जुनं दिलं तर तोकुनागा
चार हजार येन वळते करील.
अट एकच: सगळं पुसून आणा.

"हातात तर घेऊन बघा."
घेतलं. हलकं, गार,
कुणाच्याच बोटांचं नसलेलं.
घोडेस्वार निघाला
आणि उजवीकडच्या भिंतीवर आदळला.
पुन्हा निघाला. पुन्हा भिंत.
तोकुनागाने गोंधळून यंत्र उलटसुलट केलं.
यंत्रात काही नव्हतं.
माझा अंगठा होता,
चार वर्षं एका ओढीला टेकू देत आलेला.

"थोडी कळ काढा," तो म्हणाला, "सवय होईल."

शेवटची ट्राम सुटायला वीस मिनिटं होती
(ती माझ्याशिवाय सुटणार नव्हती).
त्यातली पंधरा मी त्या भिंतीपाशीच काढली,
अंगठा सैल सोडायला शिकत.