अकरा हजार

तापाच्या तक्त्याच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
रात्रीचे अडीच, वॉर्ड सात,
एकवीस नंबरच्या आजोबांचं सलाईन संपत आलेलं.

इथले बेचाळीस, नाईटचे वेगळे.
तिथले एकतीस, ट्यूटर म्हणून.
एम.एस्सी. असतं तर लेक्चरर, बावन्न.
असतं तर.

सकाळी दिगंबरनं कागद बघितला,
उद्यमनगरचं काळं तेल नखांत तसंच.
"अकरा हजार कुठं गेले?"
"कमरेत," मी म्हटलं.
तो हसला नाही. दुधाचं बिल त्याच्याच खिशात होतं.

समुद्रे सिस्टर रिटायर होताना बोलून गेल्या होत्या,
"शिकवायला जायचं तर पाय चालतायत तवर जा,
नाहीतर पोरी म्हणतील, बाई खुर्ची हुडकत आली."

म्हणून उचगाव.
अडतीस पोरी, चंदगडच्या, गगनबावड्याच्या,
आणि मागच्या बाकावर कागलचा एकटा पोरगा,
ब्रदर म्हटलं की कान लाल होणारा.
टेबलावर डमी. गुलाबी, गार, कधी न ओरडणारी.
मी तिचं नाव ठेवलं गंगूबाई.
सुई लावण्याआधी विचारायचं,
"गंगूबाई, टोचू का?"
पोरी खिदळतात. खिदळू देत.
एकदा घाईत मी विचारलं नव्हतं,
आणि एकवीस नंबरनं हात छातीशी ओढून घेतला होता
लहान पोरासारखा.
हे कुठल्या युनिटमध्ये घालायचं,
पुस्तकात सापडलं नाही.

पहिला पगार आला. एकतीसही नाही,
कापून अठ्ठावीस सातशे.
भिशी बंद केली. रिक्षा सोडली, केएमटी धरली.
एम.एस्सी.चा फॉर्म भरला नाही अजून,
फाडलाही नाही.

काल रात्री फोन वाजला.
वैजयंता नाईकवडी, तिसरं वर्ष, पहिली नाईट.
"मॅडम, शीर सापडंना. दोनदा चुकलं.
सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं अडकल्यात."
"तिसऱ्यांदा तू टोचायचं नाहीस. त्या येईपर्यंत थांब.
हात खाली सोडायला सांग त्यांना, गरम फडकं ठेव.
आणि नाव विचारलंस का?"
पलीकडं गप्प.
मग लांबून, कुणाशी तरी हळू,
"आजी, नाव काय तुमचं?"

दहा मिनिटांनी मेसेज आला: लागली.
घड्याळात बघितलं. अडीच.
दिगंबर कूस बदलत म्हणाला,
"ह्याचे किती देतात?"