रफार

आधी शर्ट उलटा कर, मयुरी.
नाव वाचायची घाई नको.
मशीन लिहितं सरळ बाजूनं,
आपलं काम पाठीकडून सुरू होतं.

हा पाठचा कागद. ओढायचा नाही.
अंगठ्यानं टाके दाबून धर
आणि दुसऱ्या हातानं सोडव, हळू,
पोराच्या गुडघ्यावरची पट्टी काढतो तसा.
एकदा काना ताणला की ताणला,
मग इस्त्री फिरवून काही होत नाही.

आता सुलटा घे.
टिंबावरून मात्रेवर जाताना
सुई उडी मारून गेली,
दोरा मागं लोंबत राहिला.
तो कापायचा. वाकड्या नाकाची कात्री घे,
भद्रकालीतून आणलेली, ती माझीच आहे, पाडू नकोस.
पातं कापडाला आडवं.
अगदी मुळापाशी नाही, जरा शेपूट राहू दे,
नाहीतर तिसऱ्या धुण्यात अख्खं अक्षर उसवतं.
लव राहिली तर लायटर लांबूनच दाखव,
सुती असेल तर तोही नको.

माझं पहिलं वर्ष. जानेवारी.
सिडकोत पत्र्याखाली अशी थंडी
की कात्रीत बोटं आहेत की नाहीत कळायचं नाही.
अंबडच्या कंपनीचे दोनशे चाळीस शर्ट,
राखाडी कापड, निळा दोरा,
प्रत्येक खिशावर एक आडनाव.
टेम्पो खाली हॉर्न मारत होता.
मी सपासप कापत गेले
आणि एका धाग्याबरोबर
एक रफार निघून आला.

गांगुर्डेचा गांगुडे झाला.
कुणाला दिसलं नाही.
अश्फाकभाईंनी घडी घातली, पिशवी लावली,
गठ्ठा गेला.

पावसाळा संपता संपता
त्रिमूर्ती चौकात बसला उभी होते.
शेजारी राखाडी शर्ट.
आपण माणसाचं तोंड बघत नाही, खिसा बघतो,
तुलाही लागेल ही सवय.
खिशावर माझा निळा दोरा,
आणि मात्रेच्या अंगाला
बॉलपेननं काढलेला रफार.
फिकट, त्यावर गडद, त्यावर अजून गडद.
दर धुण्याला जात असणार,
दर सोमवारी तो परत काढत असणार.

ब्लाउजच्या काठाला सुई होती माझ्या,
दोरा ओवलेली, नेहमीसारखी.
बारा टाक्यांचं काम.
म्हणावं, दादा, जरा थांबा.
पण मग सांगावं लागलं असतं ना, कुणी कापला ते.
त्यांची बस आली.
ते चढले, डबा छातीशी धरून,
डब्यामागं नाव झाकलं गेलं.

चल, टॉवेल पसर. शर्ट पालथा टाक,
इस्त्री पाठीवरून, म्हणजे अक्षरं दबत नाहीत.
त्याआधी एकदा खिडकीपाशी ने,
बोटानं मोज वरचं सगळं,
टिंब, मात्रा, जे काय असेल ते.
आणि हे बघ, हा जो शेंड्यावर
कुरळा तुकडा दिसतोय,
थांब, थांब.
कात्री खाली ठेव.