पुकारा

मी चाँदपाशा. कंधारच्या कोर्टात
एकतीस वर्षं नावं पुकारली.
एक नाव तीनदा; तिसऱ्यांदा शेपूट लांबवून,
म्हणजे टपरीवरचा माणूस
बशीतला चहा टाकून पळत येतो.

नागनाथ शेळगावकर इथं मुन्सफ होते तेव्हा
तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही खिडकीतून वाकून बघायचे :
लिंबापलीकडं कुणी बहिरा तर बसला नाही?
एकदा बसलेला होता. बाचोटीचा तेली.
त्याचं रान त्या खिडकीनं वाचवलं,
माझ्या घशानं नाही.

त्यांचे वडील किशनराव, मुखेडचे अर्जनवीस.
कचेरीच्या भिंतीला टेकून निजामाच्या काळात उर्दू,
नंतर मराठी.
कलम तेच, दिशा उलटी.
अर्जाला दोन आणे, रडणाऱ्याला एक.

विहिरीच्या दाव्यात साहेब स्वतः मोजायला गेले.
साखळीचं एक टोक माझ्याकडं, एक त्यांच्याकडं,
दोघांच्याही विजारीला गोखरू.
मुदई म्हणाला, पाणी घ्या साहेब.
म्हणाले, फैसल्यानंतर.
फैसल्यानंतर त्यानं विचारलं नाही.
हरला होता.

मग परभणी, बीड, औरंगाबादचं खंडपीठ,
मग दिल्लीहून आलेला एक फोन,
आणि डोंगरातलं एक राज्य
ज्याचं नाव आमच्या पोस्टमनला धड वाचता येईना.

मी गेलो होतो एकदा. तीन गाड्या बदलून,
पिशवीत ज्वारीचं पीठ आणि कारळाची चटणी.
राजभवनात गालिचा एवढा जाड
की स्वतःच्या चपलेचा आवाज हरवला.
त्या दिवशी साहेबांचं सभागृहात भाषण.
‘माझं सरकार’ म्हणाले, सतरा वेळा. मी मोजलं,
मोजायची सवय त्यांनीच लावलेली.
एकही वाक्य त्यांचं नव्हतं.
त्यांचं वाक्य मला ऐकू येतं,
त्यात ‘तथापि’ असतो.

रात्री भाकर मोडताना म्हणाले,
चाँदपाशा, इथं मिसल येत नाही,
निकालच येतो. मी खाली तारीख घालतो.
एक अध्यादेश परत धाडला होता,
समासात लिहून : कुणाला विचारलं?
आठ दिवसांनी तोच कागद आला, तोच मजकूर,
टाचणी तेवढी नवी.

परत आले ते नांदेडला राहिले, दोन खोल्यांत.
आणि मग ते समन्स.
कंधारचा दावा, पासष्ट वर्षांपूर्वीचं खरेदीखत,
उर्दूत, मुखेडला लिहिलेलं.
किशनरावांचं अक्षर ओळखणारा
जिवंत माणूस एकच.
वकील म्हणाले, कमिशन घरी पाठवू.
साहेब म्हणाले, एसटी आहे की.

बाहेरच्या बाकावर बसले, माझ्याशेजारी.
बाकाचा एक पाय अजून आखूडच.
आता पुकारा माझा पोरगा करतो, इस्माईल.
धावत येऊन कानात विचारलं,
अब्बा, महामहीम म्हणू?
म्हटलं, पुकाऱ्याला पदवी नसते रे.
बापाचं नाव असतं, तेवढं बस.

नागनाथ वल्द किशनराव...
पहिल्याच हाकेला उठले.
तिसऱ्या हाकेचा श्वास
पोराच्या छातीत तसाच राहिला.

मुन्सफबाई तरुण. कागद पुढं सरकवला.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
उजवीकडून डावीकडं बोट चालत गेलं,
शेवटच्या ओळीवर थांबलं.
तिथंच थांबलं. पंखा फिरत होता.

अक्षर माझ्या वडिलांचं.
हो, सगळं.
तथापि, ही शेवटची ओळ नंतर लिहिलेली आहे.
शाई दुसरी, टोक दुसरं.
म्हणजे कुणीतरी दुसऱ्यानं? वकील उठलाच.
नाही, साहेब म्हणाले,
लिहिणारा तोच.

खाली सही करायला टेबलावरचं पेन मिळालं.
तारीख त्यांनी स्वतःच घातली.

बाहेर आल्यावर म्हणाले,
चाँदपाशा, पाणी आहे का कुठं?
मी माठाकडं गेलो.