कागदावरचा खड्डा

धुळ्यात, पारोळा रोडला, हिलाल मिस्तरीच्या शेडखाली
भिकनची पिकअप मागचं चाक काढून उभी आहे,
डॉक्टरला दात दाखवायला आलेल्या माणसासारखी,
तोंड उघडं, डोळे वर.

चोपड्याची केळी.
रात्री भरली, पहाटे उतरवली, तेव्हा हिरवीगार.
तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन : घडावर काळे डाग.
केळ्याला मार लागला की ते लगेच बोलत नाही.
पिकताना बोलतं.

माझ्या वहीत हे सगळं एका ओळीत मावतं.
वस्तुमान गुणिले त्वरण
अधिक सी गुणिले वेग
अधिक के गुणिले जागेवरून सरकणं
बरोबर रस्ता.

के म्हणजे पाटे.
मिळालेलं सगळं परत करतात, पै न पै,
आणि फेडून झाल्यावर पुन्हा मागायला येतात.
सी म्हणजे नळीतलं तेल.
ते घेतं.
बारीक भोकातून जातं, थोडं तापतं,
परत काही देत नाही.

झीटा एकाच्या खाली असला तर हेलकावे,
बरोबर एक असला तर गाडी मुकाट जागेवर.
‘मग एकच ठेव ना,’ भिकन म्हणाला.
ठेवला असता.
मग अमळनेरपर्यंतचा खडा न् खडा
तुझ्या कण्यात मोजला गेला असता, भिकनभाऊ.

तीन महिने मी या सीच्या मागे आहे.
एक्सलला एम-सीलने चिकटवलेला सेन्सर,
सीटवर लॅपटॉप, भिकनच्या लेकीच्या जुन्या ओढणीने बांधलेला,
सेकंदाला हजार नोंदी.
रात्री खोलीवर आलेख : गाडीची रेघ निळी, माझी लाल.
लाल शहाणी. दोन हेलकावे आणि गप्प.
निळी अजून थरथरते आहे.

हिलालने आलेख पाहिला नाही.
शॉकअप शिकंजात धरला, दाबला, ओढला,
पुन्हा दाबला, कान जवळ नेला.
‘दाबताना नरम ऱ्हास, ताई. उठताना धरी ठेवस.
तू दोन्हीसले एकच भाव लावा.’

त्या रात्री सीचे दोन केले.
जातानाचा वेगळा, येतानाचा वेगळा.
लाल रेघ निळीच्या अंगावर जाऊन पडली,
फक्त एका जागी नाही :
जिथे दांडा दिशा बदलतो
तिथे निळी क्षणभर कशालाच धरून नसते.
मी तिला सेन्सरची चूक म्हटलं, दोन दिवस म्हणत राहिले.

‘तठे तेल नही,’ हिलाल म्हणाला, ‘फेस शे.’
आणि सील कापून नळी उपडी केली.
मे महिना, पंचेचाळीस, काळं पातळ पाणीच म्हणायचं,
वर बुडबुडे.
माझ्या समीकरणातलं तेल कधी म्हातारं होत नव्हतं.

‘आनि आखो एक. कागदवरना खड्डा गोल शे तुना.
रस्तावरना खड्डाले धार ऱ्हास.’
खरं आहे. मी अर्धी साइन लहर घेतली होती.
ती सोडवायला सोपी जाते.

नवे शॉकअप बसले. चाक चढलं.
मी फाळक्यावर दोन्ही तळवे टेकून दाबलं आणि सोडलं.
एक. आणि अर्धा.
हिलाल अर्धा मोजत नाही,
तो तेवढ्यात हात पुसायला गेला होता.

‘मंग तिसरा दिनले डाग पडतीन का?’ भिकनने विचारलं.
माझ्याकडे वेळ अनंतापर्यंत आहे,
पण त्यात तिसरा दिवस असा वेगळा कुठे दिसत नाही.
मी सांगत राहिले, तो ऐकत राहिला,
मग त्याने टपावरून एक केळं काढलं,
अंगठ्याने एका जागी दाबलं, जोरात,
आणि माझ्या हातात दिलं.
‘ठेव. तीन दिनमा समजी.’

ते टेबलावर आहे, लॅपटॉपशेजारी.
आज दुसरा दिवस.
अजून हिरवं.